घोड्याच्या मागे कोण उभं आहे?

‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ ही म्हण मी मामाकडून शिकलो. त्याचा घोडा मात्र चार पायांचा नाही. मामा उरणचा, आणि गेली २२ वर्षं तो ट्रेलरचा ‘घोडा’ चालवतो. ट्रेलरचं इंजिन आणि केबिन असलेलं पुढचं तोंड म्हणजे घोडा. मागे सांगाडा जोडायचा, त्यावर कंटेनर ठेवायचा, दुसऱ्या टोकाला नेऊन द्यायचा, परत यायचं. हायवेवर जाणारे घोडे वेगळे. मामाचा घोडा गेटच्या बाहेर पडतच नाही. बारा तासांच्या पाळीत तो शंभरेक किलोमीटर फिरत असेल, पण सगळे त्याच कुंपणाच्या आत.

मी त्याच घोड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. कुठला कंटेनर कुठल्या घोड्याने उचलायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा एक तुकडा माझ्याकडे आहे. मी पुण्यात बसतो. नकाशावर घोडे म्हणजे हिरवे ठिपके. मामा गमतीत म्हणतो, “बाला, तू माझा मालक झालास.”

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री दीड वाजता त्याचा फोन आला. एका खासगी यार्डात त्याच्यासोबतच्या ड्रायव्हरचा ट्रेलर मागे येत होता. कंटेनरचे नंबर टिपणारा टॅलीचा पोरगा दोन रांगांच्या मध्ये उभा होता. जीव वाचला, पण एक पाय गुडघ्याखाली गेला. पोरगा माझ्याच वयाचा. चौकशीचा कागद आठवड्यात तयार झाला. कारणाच्या रकान्यात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असे दोन शब्द होते.

मी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न अगदी इंजिनिअरचा होता. “रिव्हर्सचा बीपर वाजत होता का?”

मामा म्हणाला, “वाजत होता ना. सगळ्यांचेच वाजत होते.”

त्या उत्तराने मला पुढचे कित्येक महिने सतावलं. म्हणून मी यार्डाचा इतिहास वाचायला लागलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

यार्ड ही जागा ट्रकपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन रेल्वे यार्डात डबे जोडायची पद्धत अशी होती: एका डब्याला लोखंडी कडी, दुसऱ्याला खोबण. डबा येऊन आदळण्याच्या क्षणी एक माणूस दोघांच्या मध्ये उभा राहून कडी खोबणीत घालणार आणि वरून खिळा टाकणार. क्षणभर उशीर झाला की बोटं गेली, आणखी उशीर झाला की माणूस गेला. नोकरी मागायला आलेल्या ब्रेकमनला बोटं कमी असतील तर तो अनुभवी, असं मानायची तेव्हा रीत होती असं सांगतात. ईलाय जॅनी नावाच्या माणसाने १८७३ मध्ये आपोआप जुळणाऱ्या कपलरचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकमध्ये एक उलटी कल्पना आणली. पाइपमध्ये हवेचा दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला राहील, पाइप फुटला की ब्रेक आपोआप लागेल. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबणार. आम्ही कॉलेजात ‘फेल-सेफ’ हा शब्द पाठ केला होता, तो हाच.

दोन्ही शोध तयार होते, पण ते बसवायला पैसे लागत होते आणि ब्रेकमन स्वस्त होता. शेवटी १८९३ मध्ये अमेरिकेत सेफ्टी अप्लायन्स कायदा झाला. मला त्या कायद्याचा गाभा फार आवडतो. डबे असे जुळले आणि सुटले पाहिजेत की त्यासाठी माणसाला दोन डब्यांच्या मध्ये जावंच लागू नये. ‘सावध राहा’ असं तो माणसाला सांगत बसत नाही. ती जागाच रिकामी करा, असं तो रेल्वे कंपन्यांना सांगतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ट्रकच्या यार्डात नेमकं उलटं झालं.

तिकडे जायच्या आधी नावांची एक गंमत. यार्डातल्या ट्रकला अमेरिकेत ‘हॉसलर’ म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ सराईतला घोडे सांभाळणारा माणूस, आपला मोतद्दार. मग रेल्वेत इंजिनं शेडमधून आणून-नेऊन लावणाऱ्याला तो शब्द लागला आणि तिथून ट्रकला. दुसरं नाव ‘यार्ड गोट’, म्हणजे यार्डातली बकरी. तेही रेल्वेच्या शंटिंग इंजिनाचं टोपणनाव. आणि आपल्याकडे घोडा. जगभरच्या ड्रायव्हरांनी एकमेकांना न विचारता या यंत्राला जनावरच मानलं आहे.

आता कंटेनर. २६ एप्रिल १९५६ ला न्यू जर्सीतल्या नेवार्क बंदरातून ‘आयडियल-एक्स’ नावाचं जुनं तेलवाहू जहाज ५८ पेट्या डेकवर घेऊन ह्यूस्टनला निघालं. मालक माल्कम मॅकलीन, धंद्याने ट्रकवाला. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनाला ५.८३ डॉलर पडत, या जहाजावर तोच खर्च १६ सेंटच्या आत आला. मॅकलीनचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं. मला त्याचा इंजिनिअर कीथ टँटलिंगर जास्त जवळचा वाटतो. पेट्या एकमेकींना आणि ट्रेलरला घट्ट धरून ठेवणारं, पिळून बंद होणारं कुलूप, म्हणजे ट्विस्टलॉक, ही त्याची कामगिरी. ट्विस्टलॉककडे परत येऊ.

मॅकलीनच्या कंपनीत पेट्या यार्डातही ट्रेलरच्या सांगाड्यावरच ठेवल्या जात. एकेका पेटीखाली चाकं. त्या हलवायला सतत घोडे हवेत आणि हायवेचा ट्रक या कामाला अगदीच गैरसोयीचा. ड्रायव्हरने उंच केबिनमधून उतरायचं, मागे जायचं, हवेच्या नळ्या जोडायच्या, ट्रेलरचे पाय हँडल फिरवून वर घ्यायचे, परत चढायचं. दिवसातून पन्नास वेळा. कॅन्सस राज्यातल्या ओटावा नावाच्या लहान गावात १९५० च्या दशकाच्या अखेरीस खास यार्डासाठी ट्रॅक्टर बनू लागले. त्या गावाचं नाव आजही ब्रँड म्हणून या गाड्यांवर असतं. या ट्रॅक्टरची रचना पाहिली की कुणीतरी ड्रायव्हरच्या गुडघ्यांचा विचार केला होता हे कळतं. केबिन एका माणसाची, एका बाजूला सरकवलेली. दार मागच्या बाजूला, म्हणजे जमिनीवर न उतरता थेट मागच्या फळीवर पाऊल टाकून नळ्या जोडता येतात. ट्रेलरची पिन जिच्यात अडकते ती मागची तबकडी हायड्रॉलिकने वर उचलली जाते, म्हणजे ट्रेलरचे पाय फिरवत बसायला नको.

ड्रायव्हरचं चढणं-उतरणं वाचलं. चढ-उतार करताना पडून होणाऱ्या दुखापती कमी करण्याचा हा खरा उपाय होता. पण त्याने फेऱ्याही वाढल्या. आणि मागे चाळीस फुटांची पेटी असलेल्या गाडीला आरशात पेटीच्या कडा दिसतात, पेटीच्या मागचं काहीच दिसत नाही.

मागचं कुणी पाहायचं? आपल्याकडे याचं उत्तर होतं: क्लीनर. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस्स!” आणि बॉडीवर थाप. एसटीच्या स्टँडवर कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवतो, तीही हीच व्यवस्था. तिच्यात एक न लिहिलेला नियम आहे आणि तो जगभरच्या सिग्नल देणाऱ्यांच्या नियमांतही आहे: सिग्नल देणारा दिसेनासा झाला किंवा आवाज थांबला, तर गाडी थांबवायची. वेस्टिंगहाउसच्या ब्रेकसारखंच. शांतता म्हणजे धोका.

१९६३ मध्ये जपानमध्ये मात्सुसाबुरो यामागुची यांच्या कंपनीने रिव्हर्सला वाजणारा बीपर बाजारात आणला. अमेरिकेत तो साठच्या दशकातच बांधकामाच्या मोठ्या गाड्यांवर बसायला लागला. १९७० च्या कायद्याने अमेरिकेत कामगार सुरक्षेसाठी ओशा ही संस्था उभी राहिली. तिच्या बांधकामाच्या नियमांत असं कलम आलं की मागचं दिसत नसेल तर गाडी मागे घेऊ नका. मात्र आसपासच्या गोंगाटावर ऐकू येईल असा भोंगा असेल, किंवा मागे उभा राहून ‘ये’ म्हणणारा माणूस असेल, तर चालेल.

तो ‘किंवा’ पाहून मी हसलो. आमच्या कोडमध्ये ‘किंवा’ लिहिलं आणि पहिली अट खरी निघाली, तर कंप्युटर दुसरी अट तपासतच नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात तसं काही नसेल. पण हिशेब करणाऱ्या मॅनेजरचं डोकं त्या कंप्युटरसारखंच चालतं. बीपर एकदा विकत घ्यायचा, माणसाला दर महिन्याला पगार द्यायचा.

बीपरने लोकांचे जीव वाचवले, हे मला नाकारायचं नाही. पण त्याने जबाबदारीची दिशा फिरवली. आधी ड्रायव्हरला कुणीतरी ‘ये’ म्हणेपर्यंत थांबावं लागे. आता गाडी येणारच आहे, तू बाजूला हो. शिवाय बीपर बिघडला तर काय होतं? काहीच होत नाही. शांतता. आणि पायी चालणाऱ्यासाठी त्या शांततेचा अर्थ ‘गाडी येत नाही’ असा झालेला असतो.

मामाच्या ‘सगळ्यांचेच वाजत होते’चं उत्तरही विज्ञानात आहे. आवाज कुठून आला हे आपले कान दोन गोष्टींवरून ओळखतात: दोन्ही कानांपर्यंत पोचण्याच्या वेळेतला फरक आणि तीव्रतेतला फरक. पहिली खूण खालच्या सुरांना बरी चालते, दुसरी वरच्या सुरांना. पारंपरिक बीपरचा एकच सूर साधारण १००० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे दोन्ही खुणा जिथे अर्धवट चालतात तिथे. त्यात यार्ड म्हणजे पत्र्याच्या उंच भिंतींच्या गल्ल्या. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर. रात्री अशा गल्लीत मी स्वतः उभा राहून पाहिलंय. चार गाड्या वाजत असतील तर डोळे मिटून एकीकडेही बोट दाखवता येत नाही. आता ‘खर्र… खर्र’ असा अनेक सुरांचा मिश्र आवाज करणारे भोंगे मिळतात. त्यांची दिशा कळते आणि आवाज दूरवर त्रासही देत नाही. आपल्याकडे मात्र कुणाच्या रिव्हर्सला बीथोवनची धून, कुणाच्या रिव्हर्सला ‘अटेन्शन प्लीज’ म्हणणारी बाई.

जॅकेटची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिची सुरुवातही माल उतरवायच्या धक्क्यावरच होते. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात बॉब स्विट्झर नावाच्या कॉलेजच्या मुलाला टोमॅटोची खोकी उतरवण्याच्या कामावर अपघात झाला, डोक्याला जबर मार बसला. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत विश्रांती सांगितली. त्या अंधारात तो आणि भाऊ ज्यो अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या रसायनांशी खेळू लागले आणि त्यातून पुढे दिवसाही पेटल्यासारखे दिसणारे ‘डे-ग्लो’ रंग आले. १९६४ मध्ये ग्लासगोच्या रेल्वे कामगारांना तशा भडक नारिंगी बंड्या घालून पाहिल्या. आज मामाची मुलगीसुद्धा चित्रात बाबा काढताना आधी नारिंगी खडू उचलते. पण जॅकेट दिसण्यासाठी कुणीतरी त्या दिशेला पाहत असावं लागतं. टॅलीच्या पोराने त्या रात्री जॅकेट घातलं होतं.

आता आपला किनारा. मुंबईच्या गोदीत यंत्रं आली तरी माल प्रामुख्याने पाठीवरच चालायचा. गोदी कामगारांच्या अपघातांवरचा पहिला भारतीय कायदा १९३४ चा, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३२ च्या करारावरून आलेला. अंमलात यायला १९४८ उजाडलं. मधल्या काळात, १४ एप्रिल १९४४ ला, ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होऊन व्हिक्टोरिया गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. त्या काळातल्या धोक्यांची यादी म्हणजे शिडी, दोर, हूक, जहाजाच्या पोटात उतरायचं उघडं तोंड. चाकांचा नंबर खूप खाली.

१९७३ मध्ये ‘प्रेसिडेंट टायलर’ कोचीला आलं, ते भारतात आलेलं पहिलं कंटेनर जहाज. मुंबईची जागा अपुरी पडणार हे दिसत होतं आणि समोर उरणची भातशेती आणि मिठागरं होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी उभ्या राहिलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. माझ्या आजोबांची खाचरं त्या संपादनात गेली. मामाला मिळाली ती कंत्राटी ड्रायव्हरकी.

दरम्यान १९८६ मध्ये गोदी कामगारांच्या सुरक्षेचा नवा कायदा झाला होता, १९९० मध्ये त्याचे सविस्तर नियम आले, आणि २०२० च्या नव्या कामगार संहितेत तो कायदा विरघळला. कागद भरपूर आहेत.

पण ट्विस्टलॉकचं काय? कंटेनरने हमालाची पाठ मोकळी केली, पण एक माणूस मागे राहिला. जहाजावरून उतरणाऱ्या पेटीच्या चारही कोपऱ्यांना खालून कुलपं अडकलेली असतात. पेटी ट्रेलरवर बसण्याआधी क्रेन ती कमरेच्या उंचीवर थोपवते आणि दोन माणसं चारी कोपऱ्यांची कुलपं काढतात. वर तीस टन लोंबकळतायत, दोन्ही बाजूंना घोड्यांच्या रांगा. यार्डातही तसंच. ट्रेलरची कुलपं उघडायची राहिली आणि क्रेनने पेटी उचलली, तर पेटीबरोबर ट्रेलर आणि घोडा दोन्ही वर जातात. मामा एकदा असा चार फूट वर गेला होता. तो ते हसत सांगतो. मामी तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जाते.

१८९३ च्या कायद्याचं उत्तर इथे शंभर वर्षांनी एका बंदराने पूर्णपणे दिलं. १९९३ मध्ये रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर ड्रायव्हर नसलेल्या गाड्या आल्या. त्या गाड्या हुशार होत्या म्हणून ते यार्ड सुरक्षित झालं, असं मला वाटायचं. तसं नाही. जमिनीत पुरलेल्या खुणांवरून त्या चालत, माणूस ओळखण्याचं डोकं त्यांना फारसं नव्हतंच. म्हणून त्यांच्या भागाला कुंपण घातलं आणि आत माणूस जायचा असेल तर तो भाग आधी बंद करायचा असा नियम केला. सुरक्षा आली ती कुंपणातून. गंमत म्हणजे ड्रायव्हर असलेल्या यार्डातही हे करता येतं. पायी माणसाने आत जायचंच नाही, नंबर कॅमेऱ्याने टिपायचे, आणि जावंच लागलं तर ती रांग तेवढ्यापुरती सगळ्या गाड्यांना बंद.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझा स्वतःचा कोड उघडला.

आमच्या ॲपमध्ये ड्रायव्हरला नवं काम आलं की स्क्रीन पिवळी होते आणि २० सेकंद मिळतात. तेवढ्यात ‘स्वीकारा’ दाबलं नाही तर काम दुसऱ्याला जातं आणि पहिल्याच्या नावावर एक नकार लागतो. नकारांचा आकडा महिन्याच्या रिपोर्टात ठेकेदाराकडे जातो. ही २० सेकंदं मी लिहिली होती. ऑफिसात टेबलावर फोन ठेवून तपासली, तेव्हा खूप वाटली होती. मामाला विचारलं, तू हे बटण कधी दाबतोस? तो म्हणाला, “कधी म्हणजे? वाजलं की. वळणावर असलो तर वळणावर, मागे घेत असलो तर मागे घेताना.”

त्या रात्री त्या यार्डात आमचं ॲप नव्हतं, हे मी तपासून घेतलं. तपासताना माझे हात का कापत होते ते सांगायला नको. ‘चालकाचा निष्काळजीपणा’ या दोन शब्दांत माझी २० सेकंदं मावली असती, आणि ती कुणाला दिसलीही नसती.

मी बदल सुचवला. गाडी हलत असेल तर स्क्रीन काळी राहील, बटण चालणार नाही. गाडी थांबल्यावरच घड्याळ सुरू होईल. जीपीएस बंद पडलं तर गाडी हलतेय असंच मानायचं. आणि नकारांचा आकडा रिपोर्टातून काढायचा. पहिल्या बैठकीत तासाला किती फेऱ्या कमी होतील हे विचारलं गेलं. मी सिम्युलेशन चालवून दाखवलं. थोड्या कमी होतात. दुसऱ्या बैठकीत नकाशा दाखवून विचारलं की अमुक गल्लीत आत्ता पायी माणूस आहे का, हे आपल्याला कळतं का. कळत नव्हतं. आमच्या नकाशावर गाड्यांनाच ठिपके आहेत.

चार महिन्यांनी पहिले तीन बदल मंजूर झाले. नकारांचा आकडा राहिला, तो ग्राहकाला हवा आहे. गल्ली बंद करायचं बटण पुढच्या वर्षाच्या यादीत आहे, यादीत सध्या सतरावं.

नवं व्हर्जन गेलं त्या रात्री मामाचा मेसेज आला, काळ्या स्क्रीनचा फोटो आणि खाली: “तुजा ॲप बंद पडलाय काय?” मी लिहिलं, गाडी थांबव, मग दिसेल. आणि गाडी चालवताना फोटो काढू नकोस. पाच मिनिटांनी नुसता अंगठा आला.